दूध प्रकल्पातील यंत्रांचे जुने संदेशजाळे बदलताना

संकलन केंद्रावर दूध घातल्यावर फॅट व एस.एन.एफ.ची पावती आपल्या हाती येते आणि आपला दुधाशी असलेला संबंध त्या दिवसापुरता संपतो. दूध मात्र पुढे बल्क कूलरमधून टँकरमध्ये आणि टँकरमधून संघाच्या मुख्य प्रकल्पात जाते. तेथे ते तापविणे, थंड करणे, मलई वेगळी करणे, पिशव्यांत भरणे ही कामे आता बहुतांशी यंत्रे आपसांत बोलून करतात. हे बोलणे ज्या तारांमधून चालते, त्यांना आपण संदेशजाळे म्हणू.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अनेक सहकारी संघांनी आपले प्रकल्प स्वयंचलित केले. त्या वेळी घातलेल्या तारा, जोडण्या आणि संगणक आता जुने झाले आहेत. त्यामुळे वार्षिक अहवालात 'ऑटोमेशन नेटवर्क नूतनीकरण' अशी खर्चाची ओळ दिसू लागली आहे. बॉयलर किंवा टँकर घ्यायचा असेल तर सभेत सभासद चार प्रश्न विचारतात. या ओळीवर सहसा कोणी बोलत नाही, कारण विषय परका वाटतो. पैसा मात्र आपल्याच दुधाचा असतो आणि बिघाड झाल्यास थांबते तेही आपलेच दूध. म्हणून हा विषय सभासदांनी समजून घेतला पाहिजे. साखर कारखान्याचे सभासद आणि फळप्रक्रिया करणाऱ्या शेतकरी कंपन्यांचे संचालक यांनाही यातील बराचसा भाग लागू पडेल.

यंत्रे एकमेकांशी काय बोलतात?

पाश्चरायझरचे उदाहरण घेऊ. सुमारे ४ अंश सेल्सिअसला ठेवलेले कच्चे दूध संतुलन टाकीतून प्लेटच्या यंत्रात येते. तेथे ते किमान ७२ अंशांपर्यंत तापते आणि धारण नळीतून जाताना किमान १५ सेकंद त्याच तापमानास राहते. नळीच्या शेवटी तापमापक असतो. तेथे दूध ७२ अंशांपेक्षा थंड आढळले, तर एक झडप ते दूध पुढे न सोडता संतुलन टाकीत परत पाठविते. डेअरीतील कामगार या झडपेला एफडीव्ही म्हणतात. दूध पुरेसे गरम असेल तरच झडप पुढची वाट उघडते, मग ते थंड होऊन साठवण टाकीत जाते.

येथे तापमापक बोलतो, पीएलसी नावाचा नियंत्रक संगणक ऐकतो व निर्णय घेतो, आणि झडप, पंप व वाफेचा व्हॉल्व्ह हुकूम पाळतात. मोठ्या प्रकल्पात असे शेकडो मापक व झडपा असतात. सायलोतील पातळी, धुलाईच्या द्रावणाची तीव्रता, बर्फाच्या पाण्याचे तापमान, पॅकिंग यंत्राचा वेग असे सारे निरोप सेकंदात अनेक वेळा जात-येत असतात.

स्वतंत्र तारेपासून सामाईक तारेपर्यंत

सुरुवातीच्या पद्धतीत प्रत्येक मापकापासून पॅनेलपर्यंत स्वतंत्र तारांची जोडी असे. त्यातून ४ ते २० मिलिॲम्पिअर इतका लहान विद्युतप्रवाह वाहतो. मापकाची मर्यादा शून्य ते १०० अंश असेल, तर शून्य अंशाला ४ आणि १०० अंशांना २० मिलिॲम्पिअर. या हिशेबाने ७२ अंशांना १५.५२ मिलिॲम्पिअर येतात. मोजणी शून्याऐवजी चारापासून सुरू करण्यात मोठे शहाणपण आहे. तार तुटली की प्रवाह शून्य होतो आणि नियंत्रकाला कळते की हे शून्य अंश तापमान नसून बिघाड आहे. ही पद्धत जुनी असली तरी टाकाऊ नाही. आजही नव्या प्रकल्पांत ती वापरली जाते.

तिची अडचण म्हणजे तारांची संख्या. दोनशे मापकांना दोनशे जोड्या, त्यांचे जाडजूड जुडगे आणि पॅनेलमध्ये भाताच्या पेंढ्यासारखा गुंता. यातून सामाईक तारेची पद्धत आली. मॉडिकॉन या अमेरिकन कंपनीने १९७९ मध्ये मॉडबस ही संदेशभाषा जाहीर केली. जर्मनीत १९८७ मध्ये अनेक कंपन्या व संस्थांनी एकत्र येऊन प्रोफिबसचे काम सुरू केले आणि १९९३ मध्ये कारखान्यांसाठीचा त्याचा वेगवान प्रकार आला. आपल्याकडील अनेक डेअऱ्यांमध्ये दिसणारी जांभळी केबल ती हीच.

सामाईक तारेचे काम शाळेतील हजेरीसारखे चालते. गुरुजी म्हणजे पीएलसी एकेकाचा क्रमांक पुकारतो. ज्याचा क्रमांक आला तोच उत्तर देतो, बाकीचे गप्प बसतात. अशा एका तारेच्या तुकड्यावर ३२ साधने बसतात. वेग कमी ठेवला तर तुकडा १२०० मीटरपर्यंत चालतो. सर्वाधिक वेगाला मात्र १०० मीटरच्या पुढे जाता येत नाही. विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनी येतो, तसा तारेच्या मोकळ्या टोकावरून संदेशाचाही प्रतिध्वनी येतो आणि पुढचा संदेश बिघडतो. तो येऊ नये म्हणून तारेच्या दोन्ही टोकांना, आणि फक्त टोकांनाच, रोधक बसवावा लागतो. मधल्या एखाद्या जोडणीवरील रोधकाचे बटण चुकून चालू राहिले, तर त्यापुढची साधने गप्प होतात. हे एवढे बटण न सापडल्याने दिवसभर खोळंबलेले प्रकल्प आहेत.

तिसरी पायरी इथरनेटची. कार्यालयातील संगणक ज्या पद्धतीने जोडतात, तीच पद्धत कारखान्याच्या गरजेनुसार पक्की केलेली असते. प्रत्येक साधनाची तार स्विच नावाच्या पेटीत येते आणि स्विच ज्याचा निरोप त्यालाच पोचवितो. वेग कितीतरी जास्त, साधनांची संख्याही जास्त. शिवाय मापक नुसते तापमान न सांगता 'माझ्यावर थर साचला आहे' किंवा 'माझी जोडणी सैल आहे' अशी स्वतःची प्रकृतीही कळवू शकतो. प्रोफिनेट, इथरनेट आयपी, मॉडबस टीसीपी ही या कुळातील नावे. अहवालात यांपैकी एखादे नाव आपणास दिसेल.

जुने जाळे का बिघडते?

तांब्याची तार वीस वर्षांत झिजत नाही. बिघडतात ते सांधे. डेअरी ही ओलीची जागा आहे. सीआयपी म्हणजे यंत्र न उघडता आतून होणारी धुलाई रोज होते. तीत गरम कॉस्टिक सोडा व नायट्रिक आम्ल फिरविले जाते. बाहेरून फरशी व यंत्रे पाण्याच्या फवाऱ्याने धुतली जातात. हे पाणी आणि आम्लाची वाफ जोडणीच्या आत शिरते, पिना काळ्या पडतात. शीतगृहाच्या भिंतीतून तार बाहेर येते तेथे थंड-गरम हवेच्या भेटीने दव साचते व ते तारेवरून थेट पेटीत उतरते. उंदरांचा उपद्रव सांगावयास नकोच. गोडाऊनच्या बाजूने गेलेली केबल ट्रे झाकलेली नसेल तर पावसाळ्यात हमखास कुरतडलेली सापडते.

दुसरे कारण मोटारींचे वेगनियंत्रक. वीज वाचविण्यासाठी पंपांना व कॉम्प्रेसरला असे नियंत्रक बसविले जातात आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या केबलमधून मोठा विद्युत गोंगाट बाहेर पडतो. संदेशाची तार त्याच ट्रेमधून, त्याच केबलला बांधून नेली, तर निरोप मध्येच विकृत होतात. प्रकल्पाचा विस्तार करताना नवी केबल 'जागा आहे तेथून' ओढण्याची जी सवय आहे, तिच्यामुळे हा दोष वाढतो. केबलच्या जाळीदार आवरणाचे अर्थिंग तुटलेले असेल तर आणखीच.

तिसरे कारण तारेत नसून टेबलावर असते. ज्या संगणकाच्या पडद्यावर सारा प्रकल्प दिसतो तो अनेक ठिकाणी विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ वर चालतो. त्यांचे पाठबळ मायक्रोसॉफ्टने अनुक्रमे एप्रिल २०१४ व जानेवारी २०२० मध्ये थांबविले. विंडोज १० चे नेहमीचे पाठबळही ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले. असा संगणक बंद पडला की जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावर चढत नाही, जुने कार्ड नव्या पेटीत बसत नाही आणि तो प्रोग्रॅम लिहिणारा इंजिनिअर केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो.

बंद पडल्यास नुकसान कोणाचे?

संदेशजाळे तुटले की नीट रचलेले यंत्र स्वतःला सुरक्षित अवस्थेत नेते. झडपेची हवा किंवा वीज गेली तरी ती स्प्रिंगच्या जोराने परतीच्याच बाजूस वळते. म्हणजे ग्राहकाकडे कच्चे दूध जात नाही. पण काम थांबते. तासाला १०,००० लिटरचा पाश्चरायझर तीन तास थांबला तर ३०,००० लिटर दूध सायलोत अडकते. सायलो भरले की फाटकावर टँकरची रांग लागते. टँकरमधील दुधाचे तापमान उन्हात वाढत जाते आणि आम्लता चढू लागते. प्रयोगशाळेत ते नापास झाले की परतीचा शेरा मारून टँकर संकलन केंद्राकडे वळतो. आपल्या गावी मात्र एवढेच कळते की 'आज दूध नासले, कपात होईल.' गोठ्यात स्वच्छता राखणाऱ्या उत्पादकाला ही कपात अन्यायाची वाटते, आणि ती तशी असतेही.

याहून घातक प्रकार म्हणजे जाळे बंद न पडता चुकीचा आकडा येणे. पाश्चरायझरवरील प्लॅटिनमच्या तापमापकाचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो व प्रत्येक अंशाला सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो. तो केवळ दोन तारांनी जोडला असेल आणि गंजलेल्या सांध्याने एक ओहम रोध वाढविला, तर पडद्यावर तापमान सुमारे अडीच अंशांनी जास्त दिसते. आकडा ७२ चा, दूध मात्र साडेएकोणसत्तर अंशांचे. यंत्राला काहीच गैर वाटत नाही आणि झडप दूध पुढे सोडते. म्हणून असा मापक चार तारांनी जोडावा किंवा मापकाच्या डोक्यातच रूपांतरक बसवावा. त्याच्या शेजारी वीज न लागणारा साधा तापमापक असावा आणि दोन्हींचे आकडे रोज वहीत लिहावेत. नूतनीकरणाच्या मोठ्या खर्चापूर्वी हा लहान खर्च झाला आहे का, हे सभासदांनी अवश्य विचारावे.

आधी दुरुस्ती, मग बदल

प्रकल्प वारंवार अडतो म्हणून सारे जाळे बदलण्याचा प्रस्ताव येतो. अशा वेळी प्रथम तपासणी करून घ्यावी. संदेशतारेवर मापनयंत्र लावून कोणते साधन किती वेळा उत्तर चुकविते हे पाहता येते. बऱ्याचदा दोष चार-सहा जोडण्यांत, एका रोधकात किंवा अर्थिंगमध्ये सापडतो. तेवढे दुरुस्त करून, तार मोटारीच्या केबलपासून वीस-तीस सेंटिमीटर दूर हलवून आणि जेथे ती मोटारीची केबल ओलांडते तेथे काटकोनात नेऊन जाळे पुढील काही वर्षे नीट चालू शकते. सुटे भाग बाजारात मिळत असतील आणि विस्ताराचा विचार नसेल, तर बदलाची घाई करू नये. विक्रेता काय म्हणेल हा भाग वेगळा.

बदल कधी अटळ समजावा? नियंत्रकाचे उत्पादन कंपनीने बंद केले आहे आणि सुटे भाग जुन्या बाजारातूनच आणावे लागतात, नवा विभाग जोडायचा आहे पण तारेवर जागा उरली नाही, किंवा प्रत्येक तुकडीच्या तापमानाची व धुलाईची नोंद खरेदीदारास द्यावयाची आहे आणि जुन्या यंत्रातून ती निघत नाही. यांपैकी एखादे कारण असेल तर प्रस्ताव रास्त आहे.

बदल कसा करावा?

साखर कारखान्याला बंद हंगाम मिळतो. गाळप संपल्यावर मिलचे रोलर उघडले जातात, त्याच वेळी तारांचे कामही करता येते. आंब्याचा रस काढणाऱ्या कोकणातील कारखान्यांनाही पावसाळ्यापासून पुढील उन्हाळ्यापर्यंत सवड असते. दुधाचे तसे नाही. म्हैस-गाय रविवार पाळत नाहीत. म्हणून डेअरीत हे काम चालू प्रकल्पात, तुकड्या-तुकड्यांनी करावे लागते. ते कृशकाळात, म्हणजे उन्हाळ्यात दूध कमी असताना करावे. पुष्टकाळात हात लावू नये.

प्रथम नकाशा करावा. कागदावरचा जुना नकाशा आणि प्रत्यक्ष तारा यांत फरक असतोच. प्रत्येक तार हाताने मागोवा घेऊन, दोन्ही टोकांना क्रमांक लावून नवा नकाशा तयार करावा. हे काम कंटाळवाणे आहे व कंत्राटदार ते टाळू पाहतो, पण येथे वाचविलेला आठवडा पुढे महिनाभर रडवितो.

त्यानंतर मुख्य कणा घालावा. तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर आहे. बॉयलर घर, शीतयंत्र विभाग, सांडपाणी प्रक्रिया आणि मुख्य इमारत यांमध्ये काचतंतूची म्हणजे फायबरची केबल घालावी. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही. त्यामुळे मोटारींचा गोंगाट तिला बाधत नाही आणि वीज कडाडली तरी एका इमारतीचा झटका या केबलमधून दुसरीत जात नाही. हा कणा सरळ रेषेत न घालता कड्यासारखा वर्तुळात जोडावा. मग एके ठिकाणी तुटला तरी निरोप उलट्या बाजूने फिरून पोचतात. चांगले औद्योगिक स्विच हा बदल सुमारे २०० मिलिसेकंदांत करतात. मात्र कड्याच्या दोन्ही बाजू एकाच चरातून नेल्या तर जेसीबीचा एक फाळ दोन्ही तोडतो. तेव्हा वाटा वेगळ्या हव्यात.

दुकानातील घरगुती स्विच स्वस्त मिळतो. तो प्रकल्पात बसवू नये. पॅनेलमधील उष्णता, हादरे व विजेचे चढउतार तो सोसत नाही. फरशी धुतली जाते त्या भागात गोल, आटे असलेल्या एम १२ जोडण्या आणि आयपी ६७ दर्जाची साधने घ्यावीत. दाबाच्या गरम फवाऱ्याखाली येणाऱ्या ठिकाणी आयपी ६९के दर्जा मागावा. कोणतीही केबल पेटीत वरून न आणता खालून आणावी व शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकून जाते. आपण घराच्या वायरिंगमध्ये हेच करतो.

जुनी सारी साधने एकदम फेकण्याचे कारण नाही. जुन्या जाळ्याची भाषा नव्याला समजावून सांगणारी दुभाषी पेटी मिळते, तिला गेटवे म्हणतात. चांगले चाललेले वेगनियंत्रक व झडपांचे संच या पेटीमार्फत जोडून ठेवावेत आणि जसजसे बिघडतील तसतसे बदलावेत. झडपेजवळच्या लहान मापकांसाठी आयओ-लिंक ही पद्धतही सोयीची आहे. ती साध्या तीन तारांवर २० मीटरपर्यंत चालते. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या एका नव्या पद्धतीत तर दोनच तारांवरून इथरनेट १००० मीटरपर्यंत नेता येते. साखर कारखान्यासारख्या पसरलेल्या जागी तिचा पुढे उपयोग होईल. मध्यम डेअरीला आज तिची निकड नाही, असे माझे मत आहे.

विभाग बदलताना क्रम राखावा. प्रथम पाणीपुरवठा व सांडपाणी, मग शीतयंत्रे, मग दूध स्वीकृती व धुलाई, आणि पाश्चरायझर सर्वांत शेवटी. तोपर्यंत कामगारांचा व इंजिनिअरांचा हात बसलेला असतो. नवे पॅनेल जुन्याच्या शेजारी उभे करून त्यातील प्रोग्रॅम आधीच तपासून घ्यावा. रात्रीची धुलाई संपल्यापासून सकाळचे पहिले टँकर लागेपर्यंतचा वेळ हाच खरा कामाचा वेळ. त्या रात्री परत फिरण्याची वेळ आधीच ठरवावी. उदाहरणार्थ, पहाटे तीनपर्यंत नवे जाळे नीट चालले नाही तर जुने जोडून सकाळचे दूध घ्यावे. 'आता पाचच मिनिटे' म्हणत सहा वाजविणाऱ्यांच्या हाती हा निर्णय ठेवू नये, तो उत्पादन व्यवस्थापकाचा असावा. जुनी तार निदान महिनाभर जागेवर राहू द्यावी.

चाचणी प्रथम पाण्यावर घ्यावी, आणि तीही सर्व मोटारी पूर्ण वेगाने चालवून. मोटारी बंद असताना कोणतेही जाळे निर्दोष दिसते. चालू स्थितीत एक केबल मुद्दाम काढून काय होते ते पाहावे. त्यानंतर दुधावर चाचणी घेऊन फॉस्फटेज परीक्षा करावी. पाश्चरीकरण पुरते झाले असेल तर दुधातील हे विकर नष्ट होते. परीक्षा नकारात्मक आल्याशिवाय त्या तुकडीचे दूध बाहेर सोडू नये.

ही एक तार जाळ्यात घालू नये

सर्व निरोप एका जाळ्यातून जातील असे सांगताना एक अपवाद ठेवावा. धारण नळीच्या शेवटचा तापमापक आणि परतीची झडप यांचा संबंध स्वतंत्र, थेट तारेने राखावा. जाळे, संगणक, स्विच यांपैकी काहीही बंद असले तरी थंड दूध परतलेच पाहिजे. झडपेच्या स्थितीची माहिती पडद्यावर दाखविण्यासाठी जाळ्यावर जरूर घ्यावी, पण ती वळविण्याचा अधिकार जाळ्याकडे देऊ नये. बॉयलरचे पाण्याच्या पातळीचे व दाबाचे संरक्षण आणि अमोनिया गळतीचा इशारा यांनाही हाच नियम लावावा. खास सुरक्षेसाठी बनविलेली प्रमाणित जाळी मिळतात हे खरे. तथापि आपल्या संघांत ती तपासू शकणारी माणसे मोजकीच असतात, आणि थेट तार गावातला वायरमनही तपासू शकतो.

कार्यालय आणि इंटरनेट

जुन्या जांभळ्या तारेचा एक न मागितलेला फायदा होता. बाहेरून कोणी तिच्यात सहज शिरू शकत नसे. इथरनेट आले की कार्यालयातील संगणक, सीसीटीव्ही, वायफाय आणि प्रकल्प हे सारे एकाच पेटीत जोडण्याचा मोह होतो. मे २०२१ च्या अखेरीस जेबीएस या ब्राझीलच्या मोठ्या मांस कंपनीच्या संगणकांवर हल्ला झाला, अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलियातील कामकाज विस्कळीत झाले आणि कंपनीने १ कोटी १० लाख डॉलर खंडणी भरली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातील न्यू कोऑपरेटिव्ह या शेतकऱ्यांच्या धान्य सहकारी संस्थेवर असाच हल्ला झाला व तिला आपली संगणक यंत्रणा बंद ठेवावी लागली. हंगामाच्या तोंडावरच. म्हणजे सहकारी संस्था लहान म्हणून कोणी सोडत नाही.

प्रकल्पाचे जाळे व कार्यालयाचे जाळे वेगळे ठेवावे. दोहोंत फायरवॉल ही एकच राखलेली वाट असावी. तिच्यातून नोंदी बाहेर जाव्यात, हुकूम आत येऊ नयेत. दुरुस्तीसाठी कंपनीला दुरून जोडून घ्यावे लागते, ती जोडणी कामापुरती चालू करून लगेच बंद करावी. मोबाइलचे सिम घातलेली पेटी पॅनेलमध्ये कायम चालू दिसली तर ती कोणी व का बसविली हे विचारावे. पेन ड्राइव्हवर बंदी घालावी. पीएलसी व पडद्याच्या प्रोग्रॅमची ताजी प्रत जाळ्यापासून सुटी करून तिजोरीत ठेवावी आणि वर्षातून एकदा ती प्रत्यक्ष चढवून पाहावी. हल्ला झालाच तर सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २०२२ च्या निर्देशानुसार सहा तासांच्या आत कळवावे लागते, हे व्यवस्थापकास माहीत असावे.

करारात काय हवे?

यंत्र आपले आणि त्याची किल्ली दुसऱ्याकडे, अशी स्थिती अनेक प्रकल्पांत आहे. प्रोग्रॅमला कंपनीचा पासवर्ड असतो आणि लहानशा बदलासाठीही तिचाच माणूस यावा लागतो. म्हणून करारातच लिहून घ्यावे की मूळ प्रोग्रॅम, सर्व पासवर्ड, साधनांच्या पत्त्यांची यादी व प्रत्यक्ष केलेल्या कामाचे नकाशे संघाच्या मालकीचे राहतील आणि ते हाती आल्याशिवाय शेवटचा हप्ता दिला जाणार नाही. संदेशभाषा खुल्या प्रमाणाची असावी, म्हणजे उद्या दुसऱ्या कंपनीचे साधन घेता येईल. संघाच्या किमान दोन कर्मचाऱ्यांना शिकविण्याची अट हवी. दोन अशासाठी की एक जण नोकरी सोडतोच. स्विच, गेटवे व पीएलसीचे एकेक सुटे कार्ड भांडारात असावे. पुष्टकाळाचा एक हंगाम पार पडेपर्यंत हमी चालू राहावी, कारण पूर्ण बोजा त्याच वेळी पडतो.

सभेत आपण मोजकेच विचारले तरी पुरे. गेल्या वर्षी संदेशजाळ्यामुळे प्रकल्प किती वेळा व किती तास थांबला, त्या वेळी किती दूध परत गेले, आणि तपासणीचा लेखी अहवाल आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरे व्यवस्थापनाकडे नसतील तर खर्चाचा आकडा कशावरून काढला, हा चौथा प्रश्न आपोआप उभा राहतो.

लहान प्रक्रियादारांसाठी

दिवसाला चार-पाचशे लिटरचे पनीर-खवा केंद्र, टोमॅटो सॉस किंवा गुळाचा उद्योग असेल तर वरील बहुतेक गोष्टींची गरज नाही. चांगला तापमापक, एक नोंदयंत्र आणि नीट लिहिलेली वही यांवर काम भागते. लहान पीएलसी असलेले यंत्र घेताना मात्र त्याला इथरनेटची जोडणी आहे ना ते पाहावे आणि प्रोग्रॅमची प्रत खरेदीच्या दिवशीच मागून घ्यावी. शेडची फरशी ओतण्यापूर्वी विजेच्या पाइपपासून फूटभर अंतरावर दोन रिकामे पाइप गाडून, त्यांत ओढदोरी घालून, तोंडे बंद करून ठेवावीत. त्या वेळी हा खर्च नगण्य असतो. पुढे फरशी फोडून तेच काम करताना उत्पादन थांबते आणि धूळ मालात जाते.